लेकीच्या लॅपटॉपवरच्या रंगीत गुंडाळ्या

प्रश्न (थोडक्यात): मुलगी बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. एनएसएसच्या शिबिरात सिकलसेलच्या तपासणीला गेली आणि तेव्हापासून एकच वेड घेतलंय. प्रोटीनमधली अमिनो आम्लं एकमेकांना कुठं कुठं टेकतात ते शोधायचं म्हणते. दिवसभर लॅपटॉपवर रंगीत गुंडाळ्या फिरवत बसते. हिंजवडीतला भाचा सांगतो, हे सगळं एआयनं केव्हाच सोडवलं, त्याला नोबेलही मिळालं. मी पुण्यात डेटा सायन्सच्या क्लासला 25 हजार भरून ठेवलेत, तिला अजून बोललो नाही. तिच्या मैत्रिणी एमबीबीएसला आहेत, चारचौघांत मान खाली घालावी लागते. या विषयाला स्कोप आहे का? नसेल तर तिला तुम्हीच समजवा.
एक पालक, जिल्हा गडचिरोली

नमस्कार.

स्कोपचं नंतर बोलू. आधी त्या 25 हजारांचं. एकविशीतल्या मुलीचं पुढचं वर्ष तिला न विचारता ठरवून टाकलंत, आणि आता समजवायचं काम माझ्याकडे? ते मी करणार नाही.

तुमच्या मूळ पत्रात नीटचे दोन्ही वर्षांचे गुण अगदी नेमके लिहिलेले आहेत. बी.एस्सी.चे मात्र ‘चांगले आहेत’ एवढ्यावर आटोपलेत. पहिल्या वर्षाचे नाहीत, दुसऱ्याचे नाहीत. म्हणजे ती परीक्षा तुमच्या घरात अजून चालूच आहे. वीस लाखांच्या वर मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. बाकीच्यांच्या आईबापांनी काय जन्मभर मान खाली घालायची? मुलीनं कॉपी केली नाही, पैसे उडवले नाहीत, दुसरा विषय घेतला आणि त्यात टिकली. मान तुम्ही घालताय, आणि तुमच्याकडे बघून तीही घालत असणार. तुम्ही वाईट बाप आहात असं मला म्हणायचं नाही. दोन वर्षं रिपीटची फी भरलीत, पोटाला चिमटा काढूनच भरली असेल. पण तो पैसा वसूल करायची जबाबदारी तिच्या पुढच्या प्रत्येक निर्णयावर टाकू नका. नाहीतर उद्या ती पीएचडी झाली तरी घरात ‘खरी डॉक्टर नाही’ हेच ऐकेल.

सिकलसेलच्या शिबिराचं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच वाटली. ‘बायोटेकमध्ये आवड आहे’ म्हणणारी मुलं रोज भेटतात. आपल्याच भागातला आजार बघून त्याच्या मुळाशी जावंसं वाटणारी क्वचित.

आता त्या गुंडाळ्या काय आहेत ते बघा. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, पण ती सरळ राहत नाही, घडी घालून बसते. लुगड्याच्या निऱ्या घातल्या की काठावरच्या हातभर लांबच्या जागा एकमेकींना चिकटतात, तसंच. हिमोग्लोबिन हे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन. त्याच्या बीटा साखळी नावाच्या माळेत 146 अमिनो आम्लं. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत 94 क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल आणि शेवटचं, 146 वं हिस्टिडीन यांच्यात सॉल्ट ब्रिज, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीचा पूल, असतो. ऑक्सिजन चिकटला की तो तुटतो. असे पूल तुटण्या-जुळण्यातून हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसा धरतं आणि सोडतं, हे मॅक्स पेरुट्झ यांनी 1970 मध्ये मांडलं. कोण कोणाच्या जवळ आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या अवस्थेत नाही, याची यादी करून तिचा अर्थ लावायचा, हे तुमच्या मुलीचं काम.

आणि सिकलसेल? बीटा साखळीतलं सहावं ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथं व्हॅलीन येतं. बदल इतकाच. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमतं, व्हॅलीन पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूतल्या 85 व्या फेनिलअलानीन आणि 88 व्या ल्युसीनपाशी असलेल्या खोबणीत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जातात, लांब तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराच्या सांधेदुखीचं मूळ या एका नको त्या संपर्कात आहे.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घोटाळा करतं. अल्फाफोल्ड या एआय साधनानं प्रोटीनचा आकार ओळखायच्या 2020 च्या स्पर्धेत सगळ्यांना थक्क केलं, 2022 पर्यंत 20 कोटींहून जास्त प्रोटीनांचे अंदाजी आकार जगासाठी खुले झाले, आणि 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. सगळं मान्य. पण सिकलसेलचंच उदाहरण घ्या. सहाव्या जागी व्हॅलीन आलं तरी साखळीची घडी जवळपास तशीच राहते. नुसत्या आकाराकडे बघाल तर निरोगी आणि आजारी हिमोग्लोबिन जुळ्या भावंडांसारखी दिसतील. फरक पडतो तो कोण कोणाला टेकतं यात, आणि तोही शेजारच्या रेणूशी. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी हे साधन तपासलेलं नाही, असं अल्फाफोल्डच्या डेटाबेसवरच लिहिलेलं आहे. आकार मिळाला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. उलट 20 कोटी आकार समोर पडल्यावर ते वाचणारी माणसं जास्त लागतात. आणखी एक गोष्ट भाच्याला सांगा. प्रोटीनच्या माळेला कोणते वळसे शक्य आहेत आणि कोणत्या वळशात अणू एकमेकांवर आदळतील, याचा हिशोब जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह मद्रासमध्ये बसून 1963 मध्ये मांडला. नवीन रचना तपासताना तो आलेख आजही जगभर बघतात.

आता मुलीसाठी दोन कडक शब्द, हे तिला वाचून दाखवा. गुंडाळ्या फिरवणं म्हणजे अभ्यास नव्हे. ते तासन् तास करता येतं आणि हाती काही लागत नाही. प्रोटीन डेटा बँक या प्रोटीन-रचनांच्या खुल्या संग्रहातून 4 एचएचबी ही ऑक्सिजनविना हिमोग्लोबिनची आणि 1 एचएचओ ही ऑक्सिजनसह असलेली रचना उतरवून घे. दोन्हींच्या संपर्कांची यादी स्वतः कोड लिहून काढ. त्यासाठी बायोपायथन हे पायथनचं साधन फुकट आहे. दोन आम्लांचे बीटा-कार्बन (बाजूच्या फांदीतला पहिला कार्बन) 8 अँगस्ट्रॉमच्या आत असले की संपर्क, हा नेहमीचा नियम. (बाबांसाठी: एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) मग ग्लायसीनला बीटा-कार्बनच नसतो, तिथं काय करणार? 8 च्या आत आहेत म्हणून ती दोन आम्लं खरंच काही देवाणघेवाण करतात का, की नुसती शेजारी आहेत? 1 एचएचओच्या फाइलमध्ये अर्धाच रेणू असतो, उरलेला स्फटिकाच्या सममितीवरून उभा करावा लागतो, हे लक्षात आलं का? त्यानंतर सिकल हिमोग्लोबिनची 2 एचबीएस ही रचना घे. तिथं एकाच रेणूत शोधत बसलीस तर आजार दिसणारच नाही.

दोन महिने दे. हे करताना वैताग आला तरी पुन्हा बसावंसं वाटलं, तर हे तुझं काम. चित्रं आवडली आणि यादी कंटाळवाणी वाटली, तर बाबांचा क्लास तितका वाईट नाही. सायन्स कम्युनिकेशनकडेही बघ.

रस्ता सांगायचा तर जॅम, गॅट-बी किंवा सीयूईटी-पीजी यांपैकी एक प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., पुढं पीएचडीसाठी नेट-जेआरएफ किंवा गेट. तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर. माझं मत विचाराल तर ‘बायोइन्फर्मेटिक्स’ची पाटी लावून तयार सॉफ्टवेअरची बटणं दाबायला शिकवणाऱ्या खासगी एम.एस्सी.पेक्षा, भौतिकी, रसायन आणि गणित पक्कं करून घेणारी कुठलीही एम.एस्सी. बरी. पुण्यात विद्यापीठ आहे, आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था आहेत. बंगळुरूला तशाच आयआयएससी आणि एनसीबीएस. उन्हाळी प्रकल्पासाठी तिथल्या प्राध्यापकांना ईमेल करायला तिला कोणाची शिफारस लागत नाही. चार ओळी आणि वरची यादी जोडली तर निम्म्या अर्जांच्या पुढं जाईल.

पैशाचं स्पष्ट सांगतो. जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, तिचे महिना 37 हजार, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. तोवर भाच्याचा पगार तिच्या कितीतरी पुढं असेल, आणि दिवाळीत तो तुम्हाला ऐकवेलही. औषध-संशोधन कंपन्यांत अशा कामाच्या जागा आहेत, पण मोजक्या, आणि बऱ्याच ठिकाणी पीएचडी मागतात. तिशीच्या आत घर-गाडी हवी असेल तर हा रस्ता नाही. ते तिला हवं आहे का, हे मात्र तिला विचारा, मला नको.

पायथन तिला लागणारच आहे, पण ते शिकायला पुण्यात खोली करून राहायची गरज नाही. क्लासबद्दल तिला आजच सांगा, तिला दुसरीकडून कळायच्या आत. पावती काढा, परताव्याची अट वाचा आणि लेखी अर्ज करा. फोनवर ‘बघतो’ म्हणतील, त्याला अर्थ नाही. पैसे परत आले तर तिच्या लॅपटॉपची रॅम वाढवून द्या.