एन१०० मिनी पीसीवर पिक्चर अडखळतो? रॅम वाढवायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की एन१०० चा (इंटेलची कमी विजेवर चालणारी चिप) मिनी पीसी घेतला, त्यावर लिब्रइलेक (फक्त कोडी चालवण्यापुरतं छोटं लिनक्स) टाकून कोडी हा पिक्चर बघायचा प्लेयर चालू केला, ५५ इंची फोर-के टीव्हीला जोडला, आणि आता कॅमेरा हळू फिरला की चित्राला गचके बसतात, काळोखातले सीन राखाडी दिसतात, आवाज ओठांच्या पुढेमागे होतो आणि तासाभराने सगळंच अडखळायला लागतं. तर रॅम ८ ची १६ जीबी करू की खोका परतच करू, असा प्रश्न आहे.

दोन्ही करू नका. रॅमला तर हातच लावू नका. एन१०० ला मेमरीचा चॅनल एकच असतो, आणि लिब्रइलेकवर नुसता पिक्चर बघायला ८ जीबीसुद्धा भरत नाही. मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो, घरी हीच चिप आहे, त्याआधी एक जुना आय-थ्री होता, आणि मी पण पहिल्यांदा रॅमच आणली होती, काडीचा फरक पडला नाही. तुमच्या चार तक्रारींची कारणं चार वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक धरून सोडवा, सगळी सेटिंग एका दमात बदललीत तर कशाने सुटलं ते कळणार नाही.

सगळ्यात आधी कीबोर्ड लावा, तो कायम नको, आजच्या दिवसापुरता. पिक्चर चालू असताना ओ हे अक्षर दाबा. स्क्रीनवर माहिती येईल, त्यात डिकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू असं दिसलं पाहिजे आणि नावात व्हीएएपीआय असेल. ते असेल तर चित्र उलगडायचं काम ग्राफिक्सवाला भाग करतोय आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलाय. नसेल तर प्लेयरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद पडलंय का बघा. एन१०० ला एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवायचे तिन्ही प्रकार हार्डवेअरमध्ये जमतात, त्यामुळे चिप कमी पडतेय असं मनात आणू नका. (वाचणाऱ्यांपैकी कुणी जुना लॅपटॉप यासाठी वापरत असेल तर इंटेलच्या सहाव्या पिढीत १० बिट एचईव्हीसी पूर्ण हार्डवेअरमध्ये होत नाही, सातवीपासून होतं, आणि एव्ही१ अकरावीपासून.)

आता गचके. मला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बहुतेक पिक्चरच्या फाइलमध्ये सेकंदाला २३.९७६ चित्रं असतात आणि तुमचा खोका टीव्हीला सेकंदाला ६० पाठवतोय. २४ ने ६० ला नीट भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा दाखवायचं, पुढचं दोनदा, परत तीनदा, असं चालतं. म्हणजे एक चित्र ५० मिलिसेकंद थांबतं आणि त्याच्या पुढचं ३३. ठेका लंगडा होतो. माणसं बसून बोलत असतात तेव्हा लक्षात येत नाही, पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकला किंवा शेवटी नावं वर जायला लागली की डोळ्याला लगेच टोचतं. हे मशीन कमकुवत असल्यामुळे होत नाही, लाखभराचा कॉम्प्युटर लावलात तरी ६० वर ठेवलात तर तेच होणार.

उपाय फुकट आहे. कोडीच्या सेटिंगमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात गियरचं चिन्ह आहे, ते दाबत दाबत एक्स्पर्टवर न्या, नाहीतर पुढचे काही पर्याय दिसतच नाहीत. मग प्लेयर, व्हिडिओज, आणि तिथे ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट याला ऑन स्टार्ट/स्टॉप करा. त्यानंतर सिस्टिम, डिस्प्ले इथे व्हाइटलिस्ट (कोडीला वापरायची मुभा असलेल्या मोडची यादी) आहे, त्यात १०८०पी आणि २१६०पी चे २३.९७६, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४, ६० यातले तुमच्या टीव्हीला जे येतात ते सगळे टिकमार्क करा, शेवटी आय असलेले इंटरलेस्ड मात्र सोडा. मेनूचं रेझोल्युशन १०८०पी लाच राहू द्या, फोर-के फाइल लावली की कोडी आपणहून फोर-के वर जातं आणि मेनू हलका राहतो. पिक्चर लावल्यावर टीव्ही एक-दोन सेकंद काळा होईल, घाबरू नका, तो मोड बदलतोय. तेवढ्यात पहिला डायलॉग निसटतो, त्यासाठी तिथेच डिले आफ्टर चेंज ऑफ रिफ्रेश रेट आहे, दोन-अडीच सेकंद द्या.

२३.९७६ आणि २४ हे एकच समजून एक गाळू नका. फरक किरकोळ वाटतो पण २३.९७६ ची फाइल बरोबर २४ वर चालवली तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, आणि एकदा लक्षात आलं की पुढच्या गचक्याची वाटच बघत बसतो आपण.

आणखी एक, २५ आणि ५० विसरू नका. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण पहिल्यापासून ५० च्या हिशोबाचं, त्यामुळे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या मालिका, नाटकांची रेकॉर्डिंग, बऱ्याच मराठी पिक्चरच्या डीव्हीडी २५ वर असतात. माझी आई जेवण झालं की जुने मराठी पिक्चर लावते आणि ती कितीतरी दिवस म्हणत होती की माणसं चालताना तुटक दिसतात, मी म्हणायचो प्रिंट जुनी आहे. प्रिंट ठीक होती, व्हाइटलिस्टमध्ये ५० राहून गेलं होतं. अशा फाइलमध्ये हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर पिक्चर चालू असताना व्हिडिओ सेटिंगमधून डीइंटरलेस चालू करा.

हे सगळं झाल्यावर टीव्हीमधलं मोशन स्मूथिंग बंद करा, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं पण काम एकच, मधली चित्रं मनाने बनवून भरायचं. ते चालू राहिलं तर वर केलेली मेहनत दिसतच नाही आणि पिक्चर सीरियलसारखा वाटतो.

राखाडी काळ्याचं निदान करायला आधी एवढं सांगा, सगळ्याच फाइल राखाडी दिसतात की फक्त एचडीआरवाल्या (जास्त उजेड आणि रंग साठवलेल्या)?

सगळ्याच असतील तर रेंजची गडबड आहे. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५, कॉम्प्युटरच्या भाषेत काळा ० आणि पांढरा २५५. खोका १६ वालं पाठवतोय आणि टीव्ही ० ची वाट बघतोय म्हणून काळं करडं होतं. कोडीमध्ये डिस्प्लेखाली यूज लिमिटेड कलर रेंज आहे आणि टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल, दोन्हीकडे एकच भाषा ठेवा, लिमिटेड-लिमिटेड किंवा फुल-फुल. उलटं झालं तर रात्रीच्या सीनमध्ये केस आणि काळा कोट एकच होऊन जातात, ते राखाडीपेक्षा वाईट कारण बिघडलंय हेच पटकन कळत नाही.

फक्त एचडीआर फाइल फिकट असतील तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचा डीप कलर किंवा एन्हान्स्ड मोड बंद असणार, बऱ्याच टीव्हींत तो प्रत्येक पोर्टला वेगळा चालू करावा लागतो. आणि लिब्रइलेक डाउनलोड करताना जेनेरिक घेतलंत ना, जेनेरिक लेगसी नाही ना, ते बघा, लेगसीत एचडीआर होत नाही. चेहरे हिरवे-जांभळे दिसत असतील तर ती डॉल्बी व्हिजनची (एचडीआरचाच एक प्रकार) प्रोफाइल ५ वाली फाइल आहे, तिच्या मागे वेळ घालवू नका, दुसरी घ्या.

आवाज पुढेमागे होतो म्हणालात पण साउंडबार आहे का ते लिहिलं नाहीत, म्हणून दोन्ही सांगतो. नुसता टीव्हीचा स्पीकर असेल तर चॅनल २.० (डावा-उजवा, दोनच) ठेवा, पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) बंद. घरात कुणा वडीलधाऱ्यांना डायलॉग ऐकू येत नाहीत आणि मारामारी आली की आवाज दणाणतो असं होत असेल तर त्याचं कारण ५.१ चं (सहा स्पीकरच्या आवाजाचं) २.० करताना बोलणं दबतं हे आहे, कोडीत मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स चालू करा आणि पिक्चर चालू असताना ऑडिओ सेटिंगमधून ॲम्प्लिफिकेशन थोडं वाढवा. माझ्या वडिलांनी यानंतर टीव्ही मोठ्याने लावणं सोडलं, शेजारच्यांनाही बरं पडलं. साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर पासथ्रू चालू करा, पण सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले बंद पाहिजे, दोन्ही एकत्र चालत नाहीत. टीव्हीतून साध्या एआरसीने (टीव्हीच्या एचडीएमआयमधून साउंडबारला आवाज देणारी सोय) आवाज नेत असाल तर ट्रू-एचडी हा डिस्कवरचा भारी आवाज जाणार नाही, त्याला ई-एआरसी लागतं. मग ओठांचा फरक सगळ्या फाइलना सारखाच असेल तर ऑडिओ ऑफसेट २५-२५ मिलिसेकंदांनी सरकवून जुळवा आणि सगळ्यांसाठी डिफॉल्ट करा, एकाच फाइलला असेल तर ती फाइलच तशी आहे.

तासाभराने अडखळणं मात्र गरमीचं आहे, आणि इथे आपल्या पुण्याच्या घरांची रचना नडते. खोका कुठे ठेवलाय? काचेचं दार असलेल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर, असंच असणार. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या आसपास जातं, तो बंद कप्पा त्याहून तापतो, आणि इवलासा पंखा तीच गरम हवा परत आत ओढतो. या चिपची कमाल मर्यादा १०५ अंश आहे, तिच्या जवळ गेली की ती जीव वाचवायला वेग कमी करते. कोडीच्या सिस्टिम इन्फोमध्ये तापमान दिसतं, पिक्चर लावून तासाने बघा. मी खोका कप्प्याबाहेर काढून खाली चार रबरी बूच लावून उचलला आणि जाळीतली धूळ ब्रशने काढली, आमच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं पुलाचं काम चालू होतं, सहा महिन्यांत जाळी बुजायची. एवढ्यानेच ९० च्या पुढे जाणारं तापमान साठीत आलं. दुसरं म्हणजे बायोसमध्ये (खोका चालू होताना की दाबून उघडतात त्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट बघा. इंटेलने ही चिप ६ वॅटची सांगितलीय पण बनवणारे १५, कधी २५ पण ठेवतात म्हणजे आकडे छान दिसतात. पिक्चर बघायला ८-१० वॅट पुष्कळ झाले, तेवढे ठेवले की पंखा रात्री ऐकूसुद्धा येत नाही.

बायोसमध्ये शिरलाच आहात तर रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस पण पॉवर ऑनवर करून या. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि दुपारी येते, पण खोका बंदच राहतो, बटण टीव्हीच्या मागे आणि आईचा हात तिथे पोचत नाही, मग मला ऑफिसात फोन. ते सेटिंग केल्यापासून लाईट आली की आपोआप चालू होतो.

बाकी गोष्टी पटापट. चित्र मध्येच सेकंदभर जाऊन येत असेल किंवा ठिपके चमकत असतील तर केबल. प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली, १८ जीबीपीएसची, दोन मीटरच्या आतली घ्या, मी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून आणली, दुकानदाराला नुसतं फोर-के म्हणू नका, ६० हर्ट्झला चालेल ना असं विचारा आणि नाही चालली तर बदलून द्या हे आधीच बोलून ठेवा. फाइल दुसऱ्या मशीनवरून येत असतील तर वायफायवर जाऊ नका, फोर-के डिस्कचा बिटरेट १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो, आणि लॅन केबल ओढली असेल तर राउटरच्या पानावर लिंक १००० ची दिसते की १०० ची ते बघा, आमच्याकडे केबल बसवणाऱ्याने आठपैकी चारच तारा क्रिंप केल्या होत्या, त्यामुळे १०० च्या वर जायचंच नाही. वायरलेस कीबोर्ड किंवा रिमोट अडकत असेल तर त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारून काढून छोट्या एक्स्टेन्शनने लांब करा, यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झला त्रास होतो हे इंटेलने स्वतः २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालवायचं असेल तर बहुतेक मिनी पीसींच्या एचडीएमआयमध्ये सीईसी (रिमोटचे आदेश केबलमधून नेणारी सोय) नसतं, त्याला वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो, तोवर फोनवर कोरे (Kore) हे कोडीचं रिमोट ॲप टाका. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन आले तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि सबटायटलला मुक्ता (Mukta) किंवा नोटो देवनागरी फॉन्ट लावा, कोडी २० च्या आधीचं असेल तर अपडेट पण करा, जोडाक्षरं नव्यात नीट येतात. आणि नेटफ्लिक्स वगैरे टीव्हीच्याच ॲपमध्ये बघा, लिनक्सवर त्यांचं संरक्षण खालच्या पातळीचं धरलं जातं, फोर-के मिळत नाही.

आज रात्री फक्त दोन गोष्टी करा, खोका कप्प्याबाहेर काढा आणि रिफ्रेश रेटचं सेटिंग बदला, नंतर शेवटी नावं वर जातात तो भाग लावून बघा. तरी गचका राहिला तर ओ दाबून त्या स्क्रीनचा फोटो आणि तासाभरानंतरचं तापमान इथे खाली टाका, टीव्हीचं मॉडेल आणि साउंडबार आहे का तेही लिहा, मी बघून सांगतो.