एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू आहे. फोटो, कागदपत्रं दोन्हीकडून कशी वापरायची?

तुम्ही लिहिलंय की उबुंटूतून विंडोजची ड्राइव्ह उघडते, फोटो दिसतात, पण सेव्ह करायला गेलं की कधी होतं आणि कधी 'फक्त वाचता येईल' असं येतं. हे 'कधी कधी' का होतं ते आधी सांगतो, कारण ते निस्तरल्याशिवाय बाकीचं काही करून उपयोग नाही.

विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःच्या कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. त्याच्या लेखी ड्राइव्ह अजून उघडीच असते. मधल्या वेळात लिनक्सने (उबुंटू हे लिनक्सच) तिथे काही लिहिलं, तर उठलेलं विंडोज आपल्या जुन्या नोंदींवर विसंबून पुढचं लिखाण करणार आणि फाइल्सचा चुथडा होणार. म्हणून लिनक्स ती ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडतं. 'रीस्टार्ट' करून उबुंटूत आलात तर मात्र अडचण येत नाही, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर बंद होतं. तुमचं 'कधी कधी' ते हेच.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद) करून दुसरीकडे जाण्याची सवय असेल तर तीही सोडा, दोन्ही बाजूंनी. लिनक्स हायबरनेट करून विंडोज सुरू केलं तरी धोका तोच. ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायच्या, म्हणजे जोडायच्या, आज्ञा शोधल्यावर सापडतात. त्यातल्या काही विंडोजने साठवलेली ती स्थिती पुसूनच चालतात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य मांडणी. विंडोजची सी ड्राइव्ह सामायिक करू नका, उबुंटूचं होम फोल्डरही नको. फाइल्ससाठी तिसरं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करा. उद्या दोन्हींपैकी एक सिस्टिम पुसून नव्याने टाकावी लागली तरी त्याला हात लागत नाही. सी ड्राइव्ह लहान करायची असेल तर ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा. त्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा न विचारताच चालू असतं. असेल तर त्याची रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी उतरवून ठेवा.

त्या पार्टिशनचा फॉरमॅट, म्हणजे फाइल्स मांडून ठेवायची पद्धत, विंडोजचा एनटीएफएस ठेवा. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे व्हिडिओ आले की संपलं. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नलिंग, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी नोंद ठेवणं, नाही. लिहिता लिहिता बॅटरी गेली तर सावरायला काही नसतं. पेन ड्राइव्हला ठीक, आयुष्यभराच्या फोटोंना नाही. एक्स्ट४ हा लिनक्सचा फॉरमॅट विंडोज स्वतःहून वाचत नाही. एनटीएफएसवर लिहिणं लिनक्सला आता जड नाही: एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर कित्येक वर्षं आहेच, शिवाय २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला.

उबुंटूत हे पार्टिशन सुरुवातीलाच आपोआप जोडलं जावं म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरुवातीला काय काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) त्याची नोंद करा. नाव किंवा क्रमांकाऐवजी यूयूआयडी (पार्टिशनची न बदलणारी ओळख) द्या, मालक म्हणून तुमचा यूजर आयडी द्या आणि 'नोफेल' हा पर्याय विसरू नका. तो नसेल आणि एखाद दिवशी पार्टिशन उघडलं नाही, तर उबुंटू सुरू होतानाच अडकून बसतं.

मग डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक हे फोल्डर तिकडे वळवायचे. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' टॅब आहे, तिथून 'मूव्ह' करता येतं. उबुंटूत होममधला मूळ फोल्डर रिकामा करून काढा आणि त्याच नावाची सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) ठेवा. वनड्राइव्ह वापरत असाल तर जरा जपून: ज्या फाइल्स फक्त क्लाउडवर आहेत त्यांची नावं लिनक्समध्ये दिसतात, पण त्या उघडत नाहीत. हव्या त्या फाइल्स 'या डिव्हाइसवर कायम ठेवा' करून घ्या.

माझा ठोकताळा असा: जी फाइल आपण स्वतः डबल-क्लिक करून उघडतो ती सामायिक, जी प्रोग्रॅम आपल्या सोयीने लिहितो ती नाही. फायरफॉक्स ब्राउझरचं प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग वगैरेंचा फोल्डर) दोन्हीकडे एकच ठेवायचा मोह होतो, पण एका बाजूचं फायरफॉक्स आधी अपडेट झालं की दुसऱ्या बाजूचं जुनं ते प्रोफाइल घ्यायला नकार देतं. बुकमार्क आणि पासवर्डसाठी सिंक आहे, ते वापरा. एसएसएच (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायचं साधन) वापरत असाल तर त्याच्या किल्ल्याही होममध्येच राहू द्या. या पार्टिशनवर लिनक्सच्या परवानग्या नीट टिकत नाहीत आणि मोकळ्या परवानग्यांची किल्ली एसएसएच घेत नाही.

नावांचा एक फालतू पण वैताग आणणारा घोळ आहे. लिनक्समध्ये फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही. 'सभा १०:३०' असं नाव लिनक्समधून दिलंत तर ती फाइल विंडोजमध्ये दिसेल, पण धड उघडणार नाही. माउंटच्या पर्यायांत 'विंडोज_नेम्स' घातलं की अशी नावं मुळातच देता येत नाहीत.

रिसायकल बिनही दोन. उबुंटूतून कचऱ्यात टाकलेली फाइल पार्टिशनवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. विंडोजच्या बिनमध्ये ती दिसत नाही, जागा मात्र अडवून ठेवते. ज्या बाजूने टाकली त्याच बाजूने रिकामी करा.

आणि एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजचं चेकडिस्कच करतं. लिनक्सचं एनटीएफएसफिक्स किरकोळ डागडुजी करतं, त्यापलीकडे नाही. पुढेमागे विंडोज कायमचं काढायचं ठरवलंत तर आधी हा सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, पार्टिशन एक्स्ट४ करा आणि मग परत आणा.