कूलर बंद करून पाहा

प्रश्न : काका, तुम्ही सांगितलं म्हणून फ्रेंच दिग्दर्शक झां रन्वारचा 'ला न्युई द्यु कार्फूर' (चौकातली रात्र, १९३२) परवा रात्री कूलरसमोर बसून पाहिला. निम्मा सिनेमा अंधारात. खून कोणी केला अन् काऊन केला, शेवटपर्यंत समजलं नाही. यात एवढं काय आहे?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : मलाही समजलेलं नाही, चारदा पाहून. आडरस्त्यावरचा एक चौक, तिथे तीन बिऱ्हाडं. विमा एजंटाच्या गाडीत हिरे व्यापाऱ्याचं प्रेत, आणि गाडी सापडते शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये. इथवर ठीक. पुढे दुवे निखळतात. काही रिळं हरवली असं कोणी सांगतं, कोणी म्हणतं पैसेच संपले. मी सीताबर्डीत ऑपरेटर होतो, माझा कल रिळांकडे. एकदा लास्ट शोला मी नववं राहू देऊन दहावं लावलं, मग नववं. मेलेला व्हिलन उठून पुन्हा मारामारी करू लागला, तेव्हा कुठे पब्लिकने शिट्ट्या मारल्या! मालकाने पगार कापला तो वेगळाच.

तेव्हा खुनाचा नाद सोडा. आपल्याकडे 'अयोध्येचा राजा' आला ते हेच साल. बोलपट नुकता बोलायला लागला होता. रन्वारने आवाजाची यंत्रं उचलून थेट त्या ओल्या, चिखलाच्या चौकात नेली. माणसं पुटपुटतात, मधूनच गाडी जाते, शब्द बुडतो. त्याने तो बुडू दिला. चौकशी तासन्‌तास चालली हे दाखवायला घड्याळ नाही. बाहेर पेपर विकले जातात आणि शेवटी तेच पेपर गटाराच्या पाण्यात.

इन्स्पेक्टर मेग्रे म्हणजे रन्वारचा थोरला भाऊ पिएर. कादंबरीकार जॉर्ज सिमनोंचा हा मेग्रे पडद्यावर पहिल्यांदा आला तो याच सिनेमात. पिएर आवाज चढवत नाही, नुसता बसून राहतो. पुढचे कितीतरी मेग्रे मला त्याच्यापुढे नाटकी वाटतात.

आणि तो रात्रीचा पाठलाग. कॅमेरा गाडीवरच. दिव्यांच्या झोतात येईल तेवढाच रस्ता, बाकी काळोख. शो सुटल्यावर पावसात वर्धा रोडने स्कूटर हाणलेल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तुमची चूक एकच : कूलर. त्याच्या घरघरीत या सिनेमाचा जीवच गेला असणार. इअरफोन लावा, दिवे घालवा, आणि उकाडा सोसवत नसेल तर मृग लागेपर्यंत थांबा.