मळीवर वाढणाऱ्या यीस्टपासून बायोडिझेल परवडेल का?

प्रश्न : साखर कारखान्याच्या मळीवर यीस्ट वाढवून इथेनॉल करतात. पेशीत तेल साठवणारे यीस्ट त्याच मळीवर वाढवून बायोडिझेल का करत नाहीत?
— एक वाचक, कराड

उत्तर : तेल मिळते आणि ते बायोडिझेलला चालतेही, अडचण साखरेच्या हिशेबात आहे. पावाच्या यीस्टमध्ये तेल थोडेच असते, पण यारोविया लिपोलिटिका, रोडोटोरुला टोरुलॉइड्स, लिपोमायसेस स्टार्की या जातींच्या कोरड्या वजनात ते २० टक्क्यांहून अधिक, तर अनुकूल स्थितीत काही वाणांमध्ये ६० टक्क्यांच्याही पुढे जाते. त्यासाठी त्यांना साखर भरपूर आणि नायट्रोजन बेताचा द्यावा लागतो. नायट्रोजन संपला की प्रथिने बनणे आणि पेशींचे विभाजन मंदावते, साखर मात्र आत येतच राहते. सायट्रिक आम्लाचे पुढचे विघटन अडते, ते मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातून, बाहेर पडते आणि त्याचे तुकडे होऊन तेलाचे घटक असलेल्या मेदाम्लांचा कच्चा माल तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशीत तेलाचे चकाकणारे थेंब दिसतात आणि कधी कधी एकच थेंब जवळजवळ सगळी पेशी व्यापतो. या तेलात ओलेइक व पामिटिक आम्ले मुख्य असल्यामुळे ते पामतेलाच्या जवळचे असते आणि मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून त्याचे बायोडिझेल करता येते.

आता हिशेब पाहू. एक किलो तेलासाठी व्यवहारात पाच किलोंच्या आसपास साखर खर्ची पडते. टनभर मळीत किण्वनयोग्य साखर ४०० किलो धरली, तर तेल मिळेल ८० किलो. त्याच मळीतून दोनशे लिटरांहून अधिक इथेनॉल निघते आणि त्यातली एकूण ऊर्जाही या तेलापेक्षा जास्त भरते. शिवाय इथेनॉलचे किण्वन हवेविना होते, तर तेलासाठी टाकीत सतत हवा सोडावी लागते, म्हणजे विजेचा खर्च आला. इथेनॉल ऊर्ध्वपातनाने वेगळे होते; तेलासाठी मात्र पेशी गोळा करून त्यांची चिवट भित्तिका फोडावी लागते. म्हणून इंधनासाठी मळीवर हे यीस्ट वाढवणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

खरी आशा टाकाऊ मालात आहे. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, विघटनातून ग्लुकोजबरोबर झायलोज ही साखरही मिळते. पावाच्या नैसर्गिक यीस्टला ती पचत नाही, लिपोमायसेस व रोडोटोरुला यांना पचते. मात्र त्याच विघटनात तयार होणारे फरफ्युराल आणि असेटिक आम्ल वाढ रोखतात, त्यामुळे विघटनातून मिळालेला साखरेचा द्रव आधी शुद्ध करावा लागतो. त्याहून जवळची वाट कच्च्या ग्लिसरॉलची आहे. शंभर किलो बायोडिझेलमागे सुमारे दहा किलो ग्लिसरॉल उरते, त्यात साबण, क्षार व मिथेनॉल मिसळलेले असल्याने भाव कमी येतो, आणि यारोविया ते आवडीने खाते. मुंबईजवळच्या तेलदूषित समुद्राच्या पाण्यातून मिळालेला यारोवियाचा एक वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहात जतन केलेला आहे. आपल्याकडे या कामाची सुरुवात व्हायची असेल, तर ती साखर कारखान्यापेक्षा वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात व्हावी, कारण तिथे ग्लिसरॉल, मिथेनॉल आणि तेलाचे बायोडिझेल करणारी यंत्रणा आधीपासूनच हाताशी असते.