भाऊजी सुटून येताहेत

“मॅडम, माझे धाकटे दीर पुढच्या महिन्यात सुटताहेत. सासूबाई म्हणतात, शिक्षा भोगून झाली, आता घरीच राहू दे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ते पुन्हा तसं करतील का?”

घरी शिकवणीला येणाऱ्या शेजारच्या मुलीवर अत्याचार केला म्हणून त्याला पोक्सोखाली शिक्षा झाली होती. नवरा म्हणाला, “तुरुंगात भेटायला गेलो की ढसाढसा रडतो हो. आईची शपथ घेतलीये त्याने.”

या रडण्यावर बहुतेक घरं विरघळतात. पूर्वी मीही विरघळायचे. पण १९९८ साली हॅन्सन आणि बुसिएर या संशोधकांनी लैंगिक गुन्हेगारांवरचे ६१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गुन्हा नाकारण्याचा किंवा पीडितेबद्दल कळवळा नसण्याचा पुन्हा गुन्हा घडण्याशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध होता तो मुलांबद्दलच्या लैंगिक ओढीचा, आधीच्या गुन्ह्यांचा, नियम धाब्यावर बसवण्याच्या स्वभावाचा. चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले सरासरी १३.४ टक्के. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, पण हे फक्त सापडलेले.

म्हणून शपथ बाजूला ठेवून मी वेगळंच विचारत बसले. तेव्हा काय चाललं होतं त्याचं? नोकरी सुटलेली, लग्न मोडलेलं, मित्र नाहीत. “मोठ्यांत बसायचाच नाही, पोरांतच रमायचा,” नवरा सहज बोलून गेला आणि मग एकदम गप्प झाला. वय, जुना गुन्हा हे कुणाला बदलता येत नाही. एकटेपणा, चिडल्यावर किंवा खचल्यावर लैंगिक गोष्टींत आसरा शोधणं, मुलांशीच जवळीक वाटणं, यावर मात्र काम करता येतं. ते तपासायला त्याला चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे न्यावंच लागेल. पण त्यांचा अहवाल कितीही चांगला आला, तरी आठ वर्षांच्या मुलीला त्या अंदाजावर सोडायचं नाही. या घरात त्याने राहायचं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

“मग माझा मुलगा गेलाच म्हणायचा का?” सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तसं नव्हतं. सगळ्यांनी वाळीत टाकलं तर तो पुन्हा त्याच एकटेपणात जाणार. मामाच्या वर्कशॉपवर काम आणि तिथेच खोली, असं ठरलं. मामाला सगळं माहीत आहे, घरात लहान मूल नाही. उपचार सुरू आहेत. कधी टाळतो, मग मामा फोन करतात.

सासूबाई दर रविवारी डबा घेऊन जातात. नातीला नेत नाहीत.