'निकष' म्हणजे नेमकं काय? कसोटी, मापदंड, अट यांपेक्षा तो वेगळा आहे का?

आहे. आणि हा प्रश्न विचारलात म्हणून थोडं लांबण लावते, कारण या शब्दावरून माझं एका माणसाशी भांडण झालंय.

माझे वडील, अण्णा, पुण्याच्या रविवार पेठेत सोन्याचे कारागीर होते. त्यामुळे निकष हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी हातात घेतलाय. निकष म्हणजे मुळात दगड. काळा, बारीक पोताचा, सोनं घासून बघायचा. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. आपली घरगुती कसोटी आणि कस हीसुद्धा त्याच घराण्यातली. जमिनीचा कस, माणूस कसाला लागणे, सगळं त्या दगडावरचं. ('निकृष्ट'चा संबंध लावू नका, तो 'कृष्'कडचा.)

दुपारच्या वेळी कुणी बाई पाटली मोडायला घेऊन यायची. अण्णा पाटलीची कड दगडावर एकदाच ओढायचे. केसाएवढी पिवळी रेघ उमटायची. मी लगेच विचारायचे, "किती कॅरेट?" ते म्हणायचे, "थांब की! अजून कुठं काय कळलंय?" मग डबीतून सळ्या निघायच्या. एकेकीच्या टोकाला ठरलेल्या कसाचं सोनं, २२ चं, २० चं, १८ चं. त्यांच्या रेघा पाटलीच्या रेघेला लागून ओढायच्या आणि सगळ्यांवरून तेजाबाची काडी फिरवायची. हलक्या सोन्याची रेघ आधी फिकी पडते. पाटलीची रेघ कुणाबरोबर फिकी पडते आणि कुणाबरोबर टिकते, ते बघून अण्णा आकडा सांगायचे. समोरची बाई तोवर श्वास रोखून उभी.

एकट्या रेघेला काही अर्थ नसतो. शेजारी माहितीतली रेघ लागते. निकष म्हणजे जे आधी ठरलेलं आहे, सगळ्यांना दिसतं आहे आणि ज्याच्या शेजारी ठेवून आपण दुसऱ्याची पारख करतो ते.

आता भांडण. काही वर्षांपूर्वी मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने एका संस्थेने निबंधस्पर्धा ठेवली होती. माझ्या भाचीने पीएमपीच्या बसमधल्या कंडक्टरवर लिहिलं होतं. पहिल्याच फेरीत बाद. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "निकषात बसत नाही." कुठल्या? "पत्रकावर छापलेत." पत्रक काढलं. निकष पुढीलप्रमाणे: वय १८ ते २५, शब्दमर्यादा हजार, कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, प्रवेशशुल्क शंभर रुपये. चारही गोष्टी तिने पाळलेल्या!

मी गेले समक्ष. तिथले गृहस्थ म्हणाले, "अहो मॅडम, निकष काय आणि अटी काय, एकच ना शेवटी." मराठी भाषेच्या दिवसाचे संयोजक, बरं का. मी म्हटलं, अट ही उंबऱ्यावर असते, आत यायचं की नाही ते सांगते. आत आलेल्यांत उजवं-डावं कशावरून ठरवलंत ते सांगा. विषयाची मांडणी? भाषा? निरीक्षण? तर म्हणे, "परीक्षकांचे निकष अंतर्गत असतात." अंतर्गत निकष! गिऱ्हाइकाची पाटली आत नेऊन तिथेच घासली आणि बाहेर येऊन "अठरा कॅरेट" म्हणून सांगितलं, तर रविवार पेठेत दुकान किती दिवस चालेल?

असो. तुमचे बाकीचे शब्द. कसोटी म्हणजे प्रत्यक्ष परीक्षा, प्रसंग, म्हणून क्रिकेटचा कसोटी सामना, निकष सामना नव्हे. मापदंड म्हणजे मोजपट्टी. तिच्यावर किती ते कळतं, कसं ते कळेलच असं नाही. निकष लावतात, ठरवतात, निकषावर एखादी गोष्ट उतरते. 'निकष काढला' असं लिहिणारे लोक निकष आणि निष्कर्ष यांत गफलत करतात. अनेकवचनही निकषच, 'निकषे' नाही. ऑफिसात सर्रास 'हा एक क्रायटेरिया' म्हणतात. इंग्रजीत एकवचन क्रायटेरियन आहे, पण ते कुणाच्या तोंडी येत नाही. मग सरळ निकष म्हणा ना, वचनाची कटकटच मिटते.

आता माझ्याविरुद्धही थोडं लिहायला हवं. सरकारी कागदांत 'पात्रता निकष' या मथळ्याखाली वय आणि उत्पन्नाची मर्यादा येते. तो वापर इतका रुळलाय की त्याला चूक म्हणता येत नाही. म्हणजे त्या गृहस्थांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. आणि दगडही काही ब्रह्मवाक्य नव्हे. त्यावर अंदाजच कळतो, अण्णांचाही एखाद्या कॅरेटने चुकायचा. आता दागिन्यावर हॉलमार्क असतो, ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजेच २२ कॅरेट. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असल्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दगड आता माझ्या कपाटात आहे.

भाचीने परवा त्याच संस्थेचं नवं पत्रक पाठवलं. मथळा बदललाय, 'अटी' असा छापलाय. निकष मात्र अजून कुठेच नाहीत.