चोर्ला घाटातून तीन गाड्या न्यायच्या असतील तर वॉकी-टॉकीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत बेळगावहून तीन गाड्या घेऊन चोर्ला मार्गे गोव्याला आणि पुढे मालवणला जायचं आहे, बरोबर म्हातारी माणसं नि लहान मुलं आहेत, तर मोबाईल असताना वॉकी-टॉकी घ्यायची गरज आहे का, घेतली तर कुठली, आणि पोलीस अडवतील का.

घ्या. खरं कुठला सेट घेता यापेक्षा तो कुठल्या गाडीत कोणाच्या हातात देता, याला जास्त महत्त्व आहे. आधी आमच्यावर काय गुदरलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात डिचोलीला साखरपुडा होता म्हणून आम्ही अशाच तीन गाड्या काढल्या. पुढे माझी, मध्ये काकांची, मागे मेव्हण्याची जुनी जीप. आई त्या जीपमध्ये होती, कारण पाय पसरून बसायला तिथे जागा होती. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी सगळे थांबलो, चहा घेतला आणि निघालो. पुढे धुकं असं दाटलं की समोरच्या गाडीचा लाल दिवा सोडून काही दिसेना. घाट उतरून केरीला पोचलो तेव्हा आम्ही दोनच गाड्या होतो. मेव्हण्याला फोन लावला तर नेटवर्कच्या बाहेर. पंधरा मिनिटं वाट बघितली, अर्धा तास बघितली. शेवटी त्याच धुक्यात मी उलटा घाट चढलो. जीपचा पाण्याचा पाईप फुटला होता आणि ते एका वळणाच्या कडेला थांबले होते. आईला साखरेचा त्रास आहे, आणि जेवणाचा डबा माझ्या गाडीत होता. सापडेपर्यंत दीड तास गेला. ती नुसती म्हणाली, ‘हाक मारायला कोण नव्हतं रे.’ त्या आठवड्यात मी सेटची चौकशी सुरू केली.

आता कायद्याचं. आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्याशिवाय वापरता येणारे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले. खालच्या सत्तावीस मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही २००५ पासून परवान्याविना खुला आहे, खरं गाडीत वापरायला पहिलाच बरा, कारण त्याचा अँटेना छोटा असतो. सेटला ‘इक्विपमेंट टाईप अप्रूव्हल’, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मंजुरी, आहे का हे विकणाऱ्याला विचारा आणि त्याचा क्रमांक मागा. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्रीसाठी नियम काढले, त्यामुळे फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी दोन्ही विक्रीच्या पानावर लिहिलेली असायला हवी. नसेल तर तो सेट सोडून द्या.

स्वस्तात पाच वॅटचे, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे सेट मिळतात आणि लोक ते मोठ्या रेंजच्या मोहाने घेतात. परवाना नसताना ते वापरणं गुन्हा आहे. शिवाय बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ आहे. आपल्या हौसेचा आवाज कोणाच्या कामाच्या फ्रिक्वेन्सीवर जाईल याचा नेम नाही. अमेरिकेतून कोणा नातेवाईकाने आणलेले सेटही नकोत. ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झचे असतात. तिथे ते चालतात, इथे त्यांना सूट नाही. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओची, परीक्षा देऊन परवाना काढायचा असेल तर जरूर काढा, विद्या फार सुंदर आहे आणि बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेला बसता येतं. खरं तुमच्या सहलीला त्याचा उपयोग नाही, कारण मग तिन्ही गाड्यांत बोलणारा माणूस परवानाधारक लागेल.

रेंजबद्दल खोक्यावर जे छापलेलं असतं त्यावर बेत आखू नका. तो आकडा डोंगरमाथ्यावरून मोकळ्या मैदानात बोलल्याचा असतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत, आणि गाडीचा पत्रा त्यातला बराच भाग अडवतो. आमचे सेट वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीच्या पुढे सपाटीला दीड किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतात. चोर्ल्यात मध्ये दोन वळणं आली की आवाज फाटतो. सेट डॅशबोर्डखाली न ठेवता काचेच्या उंचीला धरला की फरक पडतो. अँटेना बदलून किंवा पॉवर वाढवून घेऊ नका, परवान्याची सूट आहे त्या मर्यादेतच आहे.

आणि इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे. पहिल्यांदा मला ही कमी रेंज म्हणजे सेटचा दोष वाटला होता. दोन-तीन प्रवासांनंतर कळलं की तीच आमच्या कामाची आहे. मागचा आवाज फाटायला लागला म्हणजे आपण फार पुढे आलो. मोबाईल हे सांगत नाही. मोबाईलवर माणूस वीस किलोमीटर मागे असला तरी शेजारी बसल्यासारखा बोलतो, आणि रेंज गेली की एकदम गप्प होतो. सेट मात्र जुन्या काळच्या बैलगाड्यांसारखा वागतो. सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या एकमेकींच्या घुंगरांच्या आवाजात चालायच्या, असं आजोबा सांगायचे. मागचे घुंगरू ऐकू येईनासे झाले की पुढचा गाडीवान बैल आवरायचा.

म्हणून आमचा नियम असा. सेट दोनच असतील तर एक पहिल्या आणि एक शेवटच्या गाडीत. सगळ्यात हळू जाणारी गाडी मागे आणि तिच्यात सगळ्यात शांत बोलणारा माणूस. बेळगाव सोडताना, जांबोटीला, कणकुंबीला आणि घाट सुरू व्हायच्या आधी शेवटच्या गाडीने स्वतःहून बोलायचं. घाटात दर पाच मिनिटांनी. ठरलेल्या वेळी आवाज आला नाही तर पुढच्याने सुरक्षित जागा बघून थांबायचं, आणि घाट संपल्यावर थांबू असा विचार करायचा नाही. ही शिस्त नसेल तर सेट घेऊनही साखरपुड्याच्या दिवशी झालं तेच होईल.

चालकाने सेट हातात घ्यायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातलं संपर्काचं साधन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घाटात दोन्ही हात स्टिअरिंगवरच हवेत. शेजारी बसलेल्याने बोलावं.

बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द तुटतो आणि ‘थांबू नका’ मधलं ‘थांबू’ गेलं की नुसतं ‘नका’ ऐकू येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर कोणालाच काही कळत नाही, म्हणून बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायची सवय लावा. मुलांनाही ते आवडतं. आवाजावर आपोआप सुरू होणारी सोय बंद ठेवा, गाडीतली गाणी आणि हॉर्न सतत जात राहतात. सेटवर जो ‘प्रायव्हसी कोड’ असतो तो नुसता दुसऱ्यांचा गलबला आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. आपलं बोलणं कोणीही ऐकू शकतं, तेव्हा हॉटेलच्या खोलीचा नंबर, पैशाची गोष्ट त्यावर बोलू नका.

निघायच्या आधीच्या रविवारी एक गाडी उभी करून दुसरी पुढे नेऊन बघा, कुठे आवाज तुटतो ते लक्षात ठेवा. गाडीत चार्ज होणारे सेट घ्या. मागच्या गाडीत पाण्याचा कॅन, जेवणाचा एक डबा आणि औषधं ठेवा, सगळं एकाच गाडीत नको.

आमच्याकडे आता मागचा सेट आईच्याच हातात असतो. घाटात दर पाच मिनिटांनी तिचा आवाज येतो, ‘आहोत रे मागे, तुझा दिवा दिसतोय, ओव्हर.’